जुन्या एटीव्हीचं मागचं बेअरिंग परत परत जातंय, चेन सारखी ढिली होतेय? नवीन माल आणायच्या आधी हे बघा

पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावर, तापोळ्याकडं, आणि आता खाली वाई-साताऱ्यातल्या फार्महाऊसवर पण ज्या जुन्या १५०-२०० सीसीच्या चेनवाल्या एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या उघड्या चारचाकी गाड्या, पळतात त्यांची मागच्या बाजूची तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. चेन आज ताणली की चार दिवसांत परत लोंबते, गिअर टाकून उचलली की मागं टक् करून धक्का बसतो, उतारावर थ्रॉटल सोडला की खरखर, मागून बघितलं तर चाक डुलतंय, आणि बेअरिंग बदललं तरी एक सीझन निघत नाही. मग परत तेच बेअरिंग, परत तेच बिल.

माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्यांदा बेअरिंग गेलं म्हणजे दोष बेअरिंगचा नसतो. शेजारचं काहीतरी त्याला मारतंय, आणि ते सापडेपर्यंत तुम्ही कितीही भारी कंपनीचं आणा, ते पण जाणार. चेनचं पण तसंच. चांगली चेन चार दिवसांत लांब होत नाही हो, चार दिवसांत ढिली झाली म्हणजे एकतर एक्सल पुढं सरकतोय, नाहीतर इंजिन मागं येतंय.

रचना आधी डोक्यात पाहिजे. इंजिनचं छोटं स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चक्र, त्यावरनं चेन, मागं मोठं स्प्रॉकेट, ते एका हबवर आणि तो हब एक्सलच्या स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवर कापलेल्या लांबट खाचांवर. एक्सल म्हणजे डाव्या चाकापासनं उजव्या चाकापर्यंत एकच सरळ शाफ्ट, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, वगैरे काही नाही. हा शाफ्ट दोन बेअरिंगांवर फिरतो, ती बेअरिंग एका हाऊसिंगमध्ये, आणि हाऊसिंग स्विंग आर्मच्या, म्हणजे चाकांबरोबर खालीवर होणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाला दोन किंवा चार बोल्टनी आवळलेलं. बऱ्याच गाड्यांत हे हाऊसिंग बाहेरनं गोल असतं पण आतलं भोक मध्यावर नसतं, त्यामुळं हाऊसिंग फिरवलं की एक्सल मागं-पुढं होतो आणि चेन ताणली जाते. डिफरन्शियल नसल्यामुळं वळताना एक चाक घासतच जातं, लाल मातीत ते खपून जातं पण डांबरावर नाहीतर पेव्हर ब्लॉकवर वळवली की तो सगळा पीळ एक्सल आणि हबच्या स्प्लाइनवर येतो. पार्किंगमध्ये पेव्हरवर गोल गोल फिरवून पोरांना मजा दाखवणारे लोक आहेत, त्यांच्या गाडीचे हब पहिले जातात.

आता तपासणी. पान्याला हात लावायच्या आधी गाडी मागनं उचला, दोन्ही चाकं जमिनीपासनं सुटली पाहिजेत, आणि जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, खाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्या. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. डाव्या चाकाला वर एक हात खाली एक हात, आणि खालीवर हलवून बघा. प्ले जाणवला तर लगेच 'बेअरिंग गेलं' म्हणून मोकळं होऊ नका. मित्राला हलवायला सांगा आणि तुम्ही मोबाईलची बॅटरी लावून बोट ठेवा, बरोबर तिथं जिथं एक्सल हाऊसिंगच्या सीलमधनं बाहेर येतो. बोटाला एक्सल सीलच्या आत हलताना लागला तर बेअरिंग किंवा बेअरिंगची जागा. एक्सल आणि हाऊसिंग दोन्ही मिळून स्विंग आर्मच्या आत हलतात, मग बेअरिंगचा काही संबंध नाही, हाऊसिंगची पकड गेलीय. एक्सल जागच्या जागी आणि नुसतं चाक हलतंय, तर हब. आणि अख्खा स्विंग आर्मच डावीकडं-उजवीकडं जातोय, तर पुढचा पिव्हट बुश, म्हणजे स्विंग आर्म ज्यावर खालीवर होतो तो सांधा. चार वेगळी दुखणी आहेत पण चाकाला हात लावला की चारही एकसारखीच वाटतात, आणि इथंच निम्म्या लोकांचे पैसे वाया जातात.

मग मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा आणि चाक पुढं-मागं हिसडून बघा. ब्रेकची डिस्क एक्सलवरच असते, त्यामुळं ब्रेक दाबला की एक्सल बांधला गेला. तरी चाक दोन-चार मिलिमीटर फिरतंय, तर हबची स्प्लाइन खाल्ली. चाक-एक्सल मिळून फिरतात आणि डिस्क जागेवर राहते, तर डिस्कच्या हबची. ब्रेक तसाच धरून चेन वरनं दाबत स्प्रॉकेट हलवून बघा, तिथं पण तसाच टकटक खेळ असेल तर तो गिअर टाकताना येणारा टक् आवाज सापडला. चाकाचा नट सुटून परत आवळलेला असेल तर स्प्लाइनच्या कडेनं लालसर भुकटी दिसते, जांभ्याची माती समजून पुसून टाकू नका, बोटात चोळून बघा, लोखंडाचा गंज असेल तर बोट तांबूस-काळं होतं.

आवाजासाठी चेन काढा. खरंच काढा, चेन उघडायची लॉक लिंक तर आहे, पाच मिनिटांचं काम. चेन आणि ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दोन्ही सोडले की एक्सलवर बेअरिंगशिवाय दुसरं काही उरत नाही. हातानं हळू फिरवा, एक तळवा हाऊसिंगवर ठेवून. चांगलं बेअरिंग तळव्याला कळतच नाही. खराब झालेलं असेल तर वाळूवर पाय ओढल्यासारखं लागतं. कॅलिपर न काढता फिरवलं तर पॅड घासायचा आवाज बेअरिंगच्या नावावर जातो, हे लक्षात ठेवा.

त्याच वेळी एक्सल वाकडा आहे का ते बघून घ्या. एक जाड तार ठोकळ्याला बांधून तिचं टोक एक्सलच्या बाहेरच्या भागाजवळ, हबच्या थोडं आत, अगदी लागेल-न लागेल असं ठेवा आणि एक फेरा द्या. फट कमी-जास्त होते का बघा. रिमवर बघू नका, रिम दगडावर आपटून वाकडी असतेच. दीड मिलिमीटरच्या वर फरक दिसला की मी एक्सल वाकडा धरतो, तुमच्या गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा खरा. वाकड्या एक्सलवर टाकलेलं बेअरिंग प्रत्येक फेऱ्याला मार खातं, ते किती दिवस काढणार? प्रेसवर सरळ करून देणारे आहेत, थोडा बाक असेल तर होतो, पण एकदा वाकलेला शाफ्ट परत त्याच जागी वाकायला बघतो, मिळत असेल तर दुसरा एक्सल शोधा.

आता बेअरिंग परत परत जायचं सगळ्यात मोठं कारण, जे मला गॅरेजमध्ये सगळ्यात कमी वेळा बघितलेलं दिसतं, ते म्हणजे दोन बेअरिंगांच्या मधला स्पेसर. हाऊसिंगमध्ये दोन्ही बाजूनं बेअरिंग बसतं आणि मध्ये एक नळी असते. बाहेरनं एक्सलचे मोठे नट आवळले की तो सगळा दाब स्प्रॉकेट हब, बेअरिंगची आतली रिंग, स्पेसर, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग असा सरळ गेला पाहिजे. स्पेसर अर्धा मिलिमीटर जरी कमी असेल तर नट आवळताना आतल्या रिंगा एकमेकींकडं ओढल्या जातात, बाहेरच्या रिंगा हाऊसिंगमध्ये घट्ट, आणि आतल्या गोळ्या कडेला दाबून फिरतात. साधं बॉल बेअरिंग हा आडवा दाब सहन करायला बनवलेलंच नाही. आणि गंमत म्हणजे अशी गाडी गॅरेजमधनं बाहेर पडताना एकदम टाईट, एकदम मस्त वाटते.

तासगावकडनं द्राक्षबागेतली एक गाडी आली होती, ओळीत औषधाची टाकी ओढायला घेतलेली सेकंडहँड. मालक वैतागलेले, प्रत्येक छाटणीला एक बेअरिंगची जोडी. उघडली तर आत स्पेसरच्या जागी पाण्याच्या जीआय पायपाचा तुकडा, हॅक्सॉनं कापलेला, एक टोक तिरकं, दुसऱ्या टोकाला शिवण अजून तशीच. मी म्हटलं आण्णा, ह्यात पाइप कुणी घातला? तर म्हणाले, "पहिल्यापास्नंच हाय की त्यो, आमी म्हटलं कंपनीचाच आसंल." त्या तिरक्या टोकामुळं आतली रिंग एका बाजूला जास्त दाबली जायची, पाइपवर तेवढ्याच भागात चकचकीत घासलेली चंद्रकोर दिसत होती. कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवर ईएन-८ पोलादाचा स्पेसर करून घेतला, दोन्ही तोंडं एका सेटिंगमध्ये समांतर, आणि खर्च म्हणाल तर बेअरिंगच्या एका जोडीपेक्षा कमी.

स्पेसरची लांबी कशी काढायची? हाऊसिंगमध्ये बेअरिंग जिथं टेकतात त्या दोन खांद्यांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा, स्पेसर तेवढाच पाहिजे, किंवा केसभर जास्त. कमी कधीच नको. व्हर्नियर नसेल तर जोडताना कळतं, नट हळूहळू आवळत एक्सल हातानं फिरवत राहा, नट जसा घट्ट होईल तसा एक्सल जड व्हायला लागला की स्पेसर आखूड आहे, किंवा एखादं बेअरिंग तळाला टेकलेलं नाही. तिथंच थांबा आणि परत खोला. 'चालवली की मोकळं होईल' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मोकळं होतं ते बेअरिंग झिजल्यामुळं.

दुसरं कारण पाणी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जांभ्याची ती लाल माती ओली झाली की नुसती पेस्ट होते, पॉलिश पेपरसारखं काम करते. पण सील चांगलं असताना पाणी आत जातं कसं? गाडी उतारावर ब्रेक मारत आली, डिस्क आणि हाऊसिंग गरम, आतली हवा फुगलेली, आणि तशीच तापोळ्याला शिवसागरच्या काठाच्या पाण्यात घातली. हाऊसिंग झटक्यात थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातनं पाणी आत ओढलं जातं. वॉशिंग सेंटरला पण तेच, राईडवरनं आली की लगेच प्रेशरचा पाइप थेट सीलवर. मी तर सांगतो, मागच्या एक्सलवर प्रेशर मारूच नका, साधा बागेचा पाइप आणि ब्रश, आणि गाडी थोडी निवल्यावर. द्राक्षबागेतल्या गाडीला वेगळाच त्रास, बोर्डो फवारणीतला मोरचूद ॲल्युमिनियमला खातो, हाऊसिंग पांढरं भुरकट होऊन बेअरिंगची जागाच सुटते, तिथं फवारणी झाल्यावर साध्या पाण्यानं धुणं हा गाडीचा औषधोपचारच समजा.

खोलताना दोन-तीन ठिकाणी नुकसान होतं तेवढं सांगतो. हबचा नट काढला की हब बाहेर यायला तयार नसतो, मग लोक एक्सलच्या टोकावर घण घालतात आणि आट्या फुलतात. पुलर वापरा. नसेल आणि ठोकायचंच असेल तर नट उलटा लावून टोकाबरोबर आणा आणि मध्ये पितळ किंवा सागाचा तुकडा धरा. एक्सलवरचे मोठे दोन नट एकमेकांना लॉक असतात, बऱ्याचदा लॉकटाइट (आट्या धरून ठेवणारा गोंद) लावलेलं, ब्लो टॉर्चनं तापवल्याशिवाय हलत नाहीत, पण सील आणि ब्रेकचा पाइप आधी बाजूला करा. पाइप पान्यानं त्या नटाचे कोपरे घालवू नका, एवढा मोठा पाना दुकानात मिळाला नाही तर आठ-दहा एमएमच्या पट्टीतनं कापून घ्या, कुठलाही फॅब्रिकेशनवाला देतो. आणि जोर लावायच्या आधी आट्या उजव्या आहेत का डाव्या ते डोळ्यानं बघा.

बेअरिंगचा नंबर जुन्यावर असतो, तोच सांगा. ६००७ असेल तर आतलं भोक ३५, बाहेरचा व्यास ६२, जाडी १४. ६००६ असेल तर ३०, ५५, १३. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की भोक मिळतं, दुकानदार दुसरंच काही हातात देत असेल तर तिथंच कळतं. पुढं २आरएस पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूला रबरी सील. पत्र्याच्या शील्डचं, म्हणजे झेडझेड लिहिलेलं, ह्या चिखलात चालत नाही. नवीन सीलबंद बेअरिंगमध्ये साधारण पाव ते एक-तृतीयांश जागेतच ग्रीस असतं, कारण ते मोटारीसारख्या जोरात फिरणाऱ्या कामाला पण चाललं पाहिजे. आपली एटीव्ही २० इंची टायरवर ताशी ३० नं पळाली तरी एक्सल मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरेच मारतो. एवढ्या हळू फिरण्यात जास्त ग्रीसनं काही तापत नाही, म्हणून मी सुईनं सील हळूच उचलून वॉटरप्रूफ ग्रीस भरून परत दाबून बसवतो, पाण्याला आत जागाच राहत नाही. काही लोक हाऊसिंगला भोक पाडून ग्रीस निपल बसवतात, आयडिया वाईट नाही, पण आत दोन्हीकडं सीलबंद बेअरिंग असेल तर ते ग्रीस बेअरिंगला पोचतच नाही, नुसतं मधल्या पोकळीत साठतं आणि गन जोरात मारली की सील बाहेर ढकलतं. निपल ठेवायचंच असेल तर बेअरिंगांची आतल्या बाजूची सील काढून टाका.

बसवताना हाऊसिंग गरम, बेअरिंग थंड. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, हाऊसिंग टॉर्चनं किंवा घरच्यांना चालत असेल तर ओव्हनमध्ये, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र झाला पाहिजे एवढं. बरंचसं बेअरिंग मग हातानंच आत जातं. ठोकायचं तर बाहेरच्या रिंगवरच, जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग त्याच्यावर ठेवून. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासनं आवाज करतं. आणि दुसरं बेअरिंग घालायच्या आधी स्पेसर आत घातलाय ना ते बघा, हसू नका, विसरतात लोक.

बेअरिंग हातानंच गार हाऊसिंगमध्ये सरकलं, किंवा एक्सलवर सैल बसलं, तर तिथं थांबायचं. ह्याचा अर्थ आधीच्या बेअरिंगची रिंग जागेत फिरून धातू खाऊन गेलीय. एक्सलवर नख फिरवा, जिथं बेअरिंग बसतं तिथं पायरी लागेल. आपल्याकडचा इलाज म्हणजे सेंटर पंचनं ठिपके मारून धातू वर उचलायचा नाहीतर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळायचा. संध्याकाळची राईड वाचवायला ठीक आहे, मी कुणाला नावं ठेवत नाही, पण ठिपक्यांवर बसलेलं बेअरिंग फक्त टोकांवर बसलेलं असतं, ती टोकं चार दिवसांत चेपतात. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक असेल तर बेअरिंग बसवायचं हिरवं रिटेनिंग कंपाऊंड येतं, दोन्ही भाग थिनरनं कोरडे करून लावा आणि रात्रभर हलवू नका, चांगलं धरतं. त्याच्यापेक्षा जास्त खाल्लं असेल तर हाऊसिंग बोअर करून स्लीव्ह घालून घ्या, सातारा-कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत हे रोजचं काम आहे. एक्सलवर मात्र वेल्डिंग भरून टर्निंग करायला माझा विरोध आहे. शाफ्ट हीट ट्रीटमेंट केलेला असतो, वेल्डच्या कडेला ठिसूळ होतो आणि तिथनंच तुटतो. पठारावर सपाटीला तुटला तर ठीक, पसरणी घाटाच्या बाजूच्या उतारावर मागचं चाक सुटून गेलं तर?

आता चेन सारखी ढिली होते त्याचं. हाऊसिंग ज्या फटीच्या क्लॅम्पमध्ये आवळलं जातं, ती फट बघा. बोल्ट पूर्ण आवळल्यावर सुद्धा तिथं थोडी फट राहिली पाहिजे. दोन्ही ओठ एकमेकांना टेकले असतील तर बोल्ट लोखंडावर लोखंड दाबतोय, हाऊसिंगला धरतच नाही, तुम्ही कितीही टॉमी लावून आवळा, चेनच्या ओढीनं हाऊसिंग परत फिरणार आणि बोल्टच्या आट्या तेवढ्या जाणार. भोक झिजून मोठं झालंय. तात्पुरतं म्हणून हाऊसिंगभोवती पातळ स्टीलची शिम गुंडाळून चालतं, कायमचं म्हणजे भोक वेल्ड करून बोअर करून घेणं, स्विंग आर्मला वेल्डिंग चालतं. हाऊसिंग फिरवायला त्याच्या खाचेत बसणारा पाना वापरा, स्क्रू ड्रायव्हर लावून ठोकून ठोकून ती खाच गेली की पुढचा मेकॅनिक तुम्हाला शिव्या देतो.

क्लॅम्प नीट असेल तर इंजिनच्या फाउंडेशन बोल्टकडं जा. कुणाला तरी ब्रेक धरून पहिल्या गिअरमध्ये किंचित क्लच सोडायला सांगा, ऑटोमॅटिक असेल तर हलकी रेस, आणि बाजूनं बघा, पुढं कुणी उभं राहू नका. इंजिन मागं ओढलं जाताना दिसतं. हे कुणी बघत नाही कारण ते मागच्या बाजूला नाही ना.

चेन किती ताणायची ह्यात पण घोळ आहे. मागची बाजू हवेत असताना मोजून ताणतात आणि मग दोन पर्यटक बसले की चेन तारेसारखी. इंजिनचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा पिव्हट आणि एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते, तर गाडीवर माणसं बसवून किंवा पट्ट्यानं सस्पेन्शन दाबून त्या जागी आणा आणि तिथं थोडा तरी ढिलेपणा आहे का बघा. साधारण गाडी उभी असताना मधोमध २५ ते ३५ मिलिमीटर खालीवर झाली तर ठीक पडतं. अति ताठ चेन मागची बेअरिंग तर खातेच, वर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं सील आणि बेअरिंग पण, आणि ते काम मग इंजिन उघडायचं. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, एका ठिकाणी ताठ आणि दुसरीकडं ढिली असेल तर चेन विषम ताणलीय किंवा स्प्रॉकेट मध्यावर नाही. नेहमी ताठ जागेवरनंच ढिलेपणा ठरवा.

झिजली का ते मोजपट्टीनं कळतं. ४२८ ची चेन म्हणजे पिनेपासनं पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, २० कड्या बरोबर २५४. त्या २५९ च्या पुढं गेल्या की चेन संपली. ५२० किंवा ५३० असेल तर २० कड्या ३१७.५, आणि ३२४ ला रामराम. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूनं चेन ओढून बघा, अर्धा दात उघडा दिसला तरी तेच. आणि नुसती चेन बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेट पण घ्या, हुक झालेले दात नव्या चेनला महिन्यात म्हातारी करतात.

जुन्या फिरलेल्या गाड्यांत अजून एक वाढीव भानगड सापडते, चेन आणि स्प्रॉकेट वेगवेगळ्या मापाचे. ४२० आणि ४२८ ची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, एकच, ५२० आणि ५३० ची पण एकच, फरक रुंदीत. म्हणून ५२० च्या स्प्रॉकेटवर ५३० ची चेन बसते, पळते, आणि दोन्ही बाजूला डुलत राहते, खडखड करते, खड्ड्यात उतरते. नंबर चेनच्या कडीवर ठोकलेला असतो, स्प्रॉकेटच्या दाताची जाडी व्हर्नियरनं बघा, ५२० ला सहाच्या आसपास, ५३० ला नऊच्या आसपास. दात एकाच बाजूनं घासलेले असतील तर अलाइनमेंट, स्विंग आर्मचा बुश आणि हाऊसिंग सरळ बसलंय का ते परत बघा. लॉक लिंकच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला, पण रिव्हर्स गिअरवाल्या गाडीत मी रिव्हेट लिंकच मारून घेतो.

शाफ्टवाल्या जुन्या फोर बाय फोरबद्दल थोडक्यात, कारण त्या इकडं कमीच आहेत. मागच्या फायनल ड्राइव्हचं गिअर ऑइल काढून पांढऱ्या कापडावर बघा. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बारीक चंदेरी चमक थोडी चालते, बोटाला लागणारे तुकडे आले की उघडल्याशिवाय इलाज नाही. सील सारखं गळत असेल तर सील बदलायच्या आधी हवा यायजायचा वरचा ब्रीदरचा पाइप चिखलानं बंद झालाय का फुंकून बघा. गिअर टाकताना टक् आवाज असेल तर रबरी बूट सरकवून शाफ्टची क्रॉस जॉइंट हलवा, आणि स्प्लाइन कोरडी असेल तर ग्रीस.

सगळं जोडून झालं की एक्सलच्या नटावरनं एक्सलवर आणि क्लॅम्पच्या बोल्टावरनं स्विंग आर्मवर पिवळ्या ऑइल पेंटची एक रेघ ओढा. अर्धा तास चालवून आणा, परत आवळून बघा, हललं असेल तर रेघ पुसून नवीन मारा. रोज सकाळी गाड्या बाहेर काढणाऱ्या पोराला टॉर्क वगैरे सांगून उपयोग नाही, रेघ तुटली तर गाडी द्यायची नाही एवढं सांगा, त्याला ते बरोबर कळतं. त्या पहिल्या अर्ध्या तासानंतर हाऊसिंगला हात लावून बघा. कोमट असलं तर चालतंय. हात ठेववत नसेल तर बेअरिंगवर संशय घ्यायच्या आधी कॅलिपर बघा, पिस्टन गंजून अडकलेला असतो आणि पॅड सुटतच नाही.